संत्र्याच्या शीतगृहासाठी फवारणीचा फोम : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर

कापूस साठवण्यासाठी बांधलेले आणि गेली काही वर्षे रिकामे पडलेले गोदाम संत्र्याच्या शीतगृहासाठी वापरायचे, या प्रस्तावाला वरूड तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाने आज मान्यता दिली. पहिल्या टप्प्यात १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशी एकच खोली तयार होईल. आंबिया बहाराचा माल आता उतरतो आहे, त्याला या खोलीचा उपयोग होणार नाही. मृग बहाराचे संत्रे फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, ते डोळ्यांसमोर ठेवून काम आखले आहे.

फळाची गरज ठरलेली आहे. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. तापमान ४ अंशांच्या खाली गेले तर सालीवर थंडीचे डाग पडतात आणि असे फळ बाजारात मागे पडते. म्हणजे खोली नुसती थंड असून भागणार नाही, ती कोपऱ्याकोपऱ्यात सारखी थंड असली पाहिजे.

उष्णतारोधासाठी दोन पर्याय समोर आहेत. पहिला पफ पॅनेलचा, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तयार फळ्यांचा, जो शीतगृहात सर्रास वापरला जातो आणि ज्याचा दर्जा कारखान्यातच ठरतो. दुसरा जागेवर फवारून तयार होणाऱ्या पॉलियुरेथेन फोमचा. सरळ, नव्या बांधकामात मी विचार न करता पॅनेल निवडले असते. परंतु या गोदामाच्या भिंती चौदा इंची विटेच्या असल्या, तरी ओळंब्यात नाहीत. मधले खांब कमीअधिक पुढे आले आहेत आणि उत्तरेची भिंत मध्यभागी फुगलेली आहे. पॅनेल बसवायचे तर आत वेगळा सांगाडा उभारावा लागेल आणि त्याच्यामागे, भिंत व पॅनेल यांच्यात, हवेची पोकळी राहील. त्या पोकळीत पावसाळ्यात काय साचेल ते बाहेरून कोणालाही दिसणार नाही. भिंतींना फवारणीचा फोम द्यावा, असे माझे मत आहे. छताचा निर्णय नंतर.

१५ डिसेंबर

आठवडाभर माहितीपत्रके वाचत आहे. फवारणीच्या फोमवर सविस्तर लिहिलेला बहुतेक मजकूर कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील घरांसाठी आहे, आणि तो वाचताना दिशेचे भान सुटू देता कामा नये. तिथे घर आतून उबदार व बाहेरून गोठलेले असते. स्वयंपाक, अंघोळ आणि माणसांचा श्वास यांतून निघालेली वाफ भिंतीतून बाहेर जाऊ पाहते, म्हणून वाफरोधक थर घराच्या आतल्या बाजूला द्यावा, असे ती पत्रके सांगतात. त्यामागचा नियम एकच आहे : वाफरोधक थर उबदार बाजूला हवा. आमच्या खोलीची उबदार बाजू बाहेरची आहे, वर्षाचे बाराही महिने. ते पत्रक जसेच्या तसे पाळले तर थर नेमका चुकीच्या बाजूला बसेल आणि बाहेरून आलेली वाफ फोममध्ये अडकून तिचे पाणी होईल.

हा फरक किती मोठा आहे हे आकड्यांत पाहिले. मे महिन्यात बाहेर ४५ आणि आत ६, म्हणजे ३९ अंशांचा फरक. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या रात्री बाहेर उणे २० आणि खोलीत १८ अंश धरले तर ३८. उष्णतेच्या दृष्टीने आमचे गोदाम आणि लेहचे घर जवळपास सारखेच आहेत. वाफेचा हिशेब मात्र वेगळा निघतो. लेहच्या घरात १८ अंशांना ५० टक्के आर्द्रता असेल तर आतल्या वाफेचा दाब सुमारे १ किलोपास्कल असतो आणि बाहेरचा त्याच्या दशांशाहून कमी, म्हणजे ढकलणारा दाब ०.९ ते १ किलोपास्कल. आमच्याकडे जुलैत ३२ अंशांना ८० टक्के आर्द्रता असते, तेव्हा बाहेरच्या वाफेचा दाब ३.८ किलोपास्कल होतो. आत ६ अंशांना हवा जवळजवळ ओलीचिंब असूनही तो ०.९ च्या पुढे जात नाही. फरक जवळपास ३ किलोपास्कल. बर्फाळ प्रदेशातील घराच्या भिंतीवर असतो त्याच्या तिप्पट दाब, तोही उलट दिशेने. उन्हाळा कोरडा म्हणून निर्धास्त राहावे, तर तेही नाही : मे महिन्यात ४५ अंशांना १५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते, १२ अंशांच्या आसपास असतो आणि आमची खोली त्याहूनही थंड आहे.

यावरून फोमचा प्रकार ठरतो. खुल्या पेशींचा फोम हलका असतो, घनमीटरला साधारण ८ किलो. तो शंभरेक पट फुगतो, फटी छान भरतो, माल कमी लागतो म्हणून स्वस्त पडतो. उष्णतावाहकता (मीटर-केल्विनला वॅट या मापात, कमी तितकी चांगली) ०.०३८ च्या घरात. त्याच्या पेशींच्या भिंती फुटलेल्या असल्याने हवा जवळजवळ अडते, वाफ मात्र अडत नाही. बंद पेशींचा फोम घनमीटरला ३२ किलो किंवा अधिक, शीतगृहासाठी ४० ते ४५. फुगवटा पंचवीस-तीस पट. जुना झाल्यावरची वाहकता ०.०२४ धरता येते. वाफ किती सहज आरपार जाते ते ‘पर्म’ या एककात मोजतात. १०० मिलिमीटर जाडीला खुल्या पेशींचा वाफप्रवेश १२ पर्म आणि बंद पेशींचा ०.४ पर्म धरून, विटेचा अडथळा बाजूला ठेवून, ढोबळ हिशेब केला. खोलीच्या १८० चौरस मीटर भिंतीतून पावसाळ्याच्या एका दिवसात खुल्या पेशींमधून ३० लिटरहून अधिक पाणी आत येऊ शकते, बंद पेशींमधून सुमारे १ लिटर. खुल्या पेशींच्या फोममध्ये हे पाणी बाहेरच्या अंगाच्या पहिल्या १५ मिलिमीटरांपासूनच द्रवरूप होऊ लागेल, कारण त्या हवेचा दवबिंदू २८ अंश आहे आणि भिंतीत तेवढे तापमान लगेचच येते. ओला फोम उष्णता अडवत नाही, उलट वाहून नेतो.

तेव्हा फोम बंद पेशींचाच घ्यायचा. शिवाय उबदार बाजूला स्वतंत्र वाफरोधक थर, आणि थंड बाजूचा मुलामा त्या थरापेक्षा वाफेला मोकळा, म्हणजे आत शिरलेली थोडीफार ओल थंड खोलीकडे निघून शीतयंत्राच्या कॉइलवर जमेल आणि वाहून जाईल.

२२ डिसेंबर

माझा मावसभाऊ लेहला एका वसतिगृहाच्या बांधकामावर कनिष्ठ अभियंता आहे. संध्याकाळी त्याचा फोन आला. “ताई, इथे ठेकेदार खुल्या पेशींचा फोम सुचवतो आहे. फुगतो जास्त, म्हणून स्वस्त. लावू का?”

मी त्याला विचारले, की खोलीच्या आतल्या बाजूला फोमवर काय येणार आहे. त्याने सांगितले, प्लायवूड, आणि त्याच्या मागे काही नाही. म्हणजे मुलांच्या श्वासातली आणि ओल्या कपड्यांतली वाफ प्लायच्या सांध्यांतून फोममध्ये आणि तिथून गोठलेल्या भिंतीपर्यंत जाईल. १८ अंशांना ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ७ अंशांच्या आसपास असतो; उणे १० च्या भिंतीवर तिचा बर्फ होईल आणि मार्चमध्ये तो वितळेल. मी त्याला दोन मार्ग सांगितले. एकतर बंद पेशींचा फोम भिंतीला थेट चिकटवायचा, जो पुरेशा जाडीत स्वतःच वाफ रोखतो. नाहीतर खुल्या पेशींचाच वापरायचा, पण खोलीच्या बाजूला सलग, सांधे चिकटवलेला वाफरोधक पडदा द्यायचा. कॅनडाच्या बांधकाम नियमात वाफरोधकाची मर्यादा दर सेकंदाला, चौरस मीटरला आणि पास्कलला ६० नॅनोग्रॅम, म्हणजे साधारण १ पर्म आहे. तेवढे पाळले तरी पुष्कळ. विजेची बटणे आणि पाइप त्या पडद्याला जिथे भोके पाडतील तिथे तो निकामी होईल, म्हणून वसतिगृहात मला पहिला मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

फवारणी हिवाळ्यात करू नकोस, असेही त्याला बजावले. फोमच्या रसायनांची थंड हवामानासाठी वेगळी, लवकर प्रक्रिया होणारी श्रेणी मिळते. तरीही गोठलेल्या किंवा दव धरलेल्या पृष्ठभागावर फोम धरत नाही, आणि धरल्यासारखा दिसला तरी पुढे सुटतो. लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. तेवढ्याने फोम अधिक फुगून घनता घटते, म्हणून माहितीपत्रकातील घनतेवर विसंबून न राहता जागेवरचे नमुने वजन करून पाहावेत. “जूनमध्ये करतो, ताई,” तो म्हणाला. त्याला माझ्या वाफेच्या हिशेबाचा कागद पाठवला आहे. त्याच्यासाठी त्यावरचे बाण उलटे काढले.

३ जानेवारी

दरपत्रके आली. दरापेक्षा फुगवणाऱ्या द्रव्याचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वर्षानुवर्षे आपल्याकडे फवारणीच्या फोमला एचसीएफसी-१४१बी हे द्रव्य वापरले जात होते. ते ओझोनचा थर झिजवते, म्हणून मॉन्ट्रियल कराराच्या अंमलबजावणीत भारताने १ जानेवारी २०२० पासून त्याच्या आयातीचे परवाने बंद केले. त्यानंतर आलेली एचएफसी-२४५एफएसारखी द्रव्ये ओझोनला धक्का लावत नाहीत, पण तापमानवाढीत त्यांचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे हजार किलोंइतका भरतो. एचएफओ गटातील नव्या द्रव्यांचा हाच आकडा पाचाहूनही कमी आहे. पाण्याने फुगवलेला फोमही मिळतो, मात्र त्याची उष्णतावाहकता जास्त असल्याने तेवढ्याच कामाला जाडी वाढवावी लागते.

एका पुरवठादाराच्या पत्रकात फुगवणाऱ्या द्रव्याचे नावच नव्हते आणि विचारल्यावर “सगळे एकच असते” असे उत्तर मिळाले. ते दरपत्रक सर्वांत स्वस्त होते. मी ते बाजूला ठेवण्याची शिफारस केली आहे. ज्याला आपल्या पिंपात काय आहे ते सांगता येत नाही, त्याच्याकडून जुन्या फोमच्या वाहकतेची हमी घेण्यात अर्थ नाही. एचएफओचे दरपत्रक महाग आहे. संचालकांनी ते मान्य करावे म्हणून टिपणात कारण लिहिले आहे. हवामान बिघडले की पहिला फटका आमच्या बागांनाच बसतो, आणि बहार जळालेला शेतकरीच या खोलीचा मालक आहे.

या द्रव्यांबाबत आमच्या भागासाठी एक व्यवहाराची गोष्ट आहे. एचएफओ-१२३३झेडडी १९ अंशांच्या आसपासच उकळते. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या शेडखाली ठेवलेल्या पिंपात दाब चढेल, झाकण उघडताना द्रव्य उडून जाईल आणि फोम कमी फुगेल. फवारणी फेब्रुवारीअखेर संपवायची आणि पिंपे जुन्या कार्यालयाच्या जाड भिंतींच्या खोलीत ठेवायची, असे ठरवले.

९ जानेवारी

संचालकांची बैठक. ठेकेदाराने भिंतींना १०० ऐवजी १५० मिलिमीटर जाडी सुचवली. ज्येष्ठ संचालक काकाजींनी विचारले, “मॅडम, जाडी वाढवली तर लाइटबिल कमी येईल ना जी?”

येईल, पण किती ते सांगितले. १०० मिलिमीटरला मे महिन्याच्या दुपारी भिंतीच्या एका चौरस मीटरमधून सुमारे ८ वॅट उष्णता आत येते, १५० ला ६ पेक्षा थोडी कमी. सगळ्या भिंती मिळून साधारण ४५० वॅटची बचत होते. त्याउलट दार उघडे राहिल्याने किंवा सांध्यांतून खोलीतील ४०० घनमीटर हवा दिवसातून दोनदा पूर्ण बदलली, तर ती सगळी बचत वाया जाते आणि वर नुकसान होते. पावसाळ्यात तर हवा एकदा बदलली तरी ८ लिटरहून अधिक पाणी कॉइलवर येऊन बसते. वाचलेला पैसा चांगल्या दारावर, दारापुढच्या छोट्या खोलीवर आणि सांध्यांवर खर्च करावा. काकाजींनी मान हलवली आणि दाराचे दरपत्रक मागवले. छताला मात्र १५० द्यायचे, कारण तिथे उन्हाचा मारा वेगळा आहे.

१४ जानेवारी

छताचा निर्णय. ठेकेदार टीनपत्र्यांच्या खालच्या अंगाला थेट फोम मारायला तयार आहे. काम झटपट होते. मी नकार दिला. तसे केल्यास छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या थंड खोलीत येतात, थंड करायची जागा विनाकारण वाढते, कैचीचे टोक भिंतीतून बाहेर जाते तिथे घाम धरतो, आणि पत्रा गळू लागला की फोमच्या आडून पाणी कुठून येते ते सापडत नाही. उन्हाळ्यात पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि रात्री निवतो. रोजच्या या आकुंचन-प्रसरणात फोमचा चिकटावही ढिला पडतो.

त्याऐवजी कैचीच्या खालच्या पट्टीला लोखंडी चौकट टांगून तिच्यावर सिमेंट बोर्डाचे छत करायचे आणि फोम वरून, पोटमाळ्याच्या बाजूने मारायचा. त्याची उबदार बाजू वर येते, वाफरोधक लेप तिथेच बसतो, आणि दरवर्षी शिडी लावून तो लेप पाहता येतो. पोटमाळ्याच्या दोन्ही टोकांना जाळीच्या खिडक्या ठेवल्या की तापलेली हवा निघून जाईल. खालून सिमेंट बोर्ड असल्याने आगीपासून आडोसाही मिळतो.

१८ जानेवारी

भिंतीवर चाचणीचे चौकोन मारले. उबदार बाजूचा वाफरोधक म्हणून ठेकेदाराचा गवंडी डांबराच्या लेपाचा आग्रह धरत होता, कारण थर्माकोलच्या काळापासून तीच रीत आहे. एका चौकोनाला डांबर, दुसऱ्याला इपॉक्सी दिले आणि दोन्ही पूर्ण सुकल्यावर त्यांवर फोम मारून ओढून पाहिले. डांबरावरचा फोम लेपासह सोलून निघाला. इपॉक्सीवरचा फोम स्वतः फाटला, सांधा तसाच राहिला. फोम फाटावा पण जोड सुटू नये, हीच कसोटी आहे. इपॉक्सी ठरले.

इपॉक्सी दिल्यावर वीट आतल्या बाजूने कधीही वाळणार नाही, तिला बाहेरच वाळावे लागेल. म्हणून बाहेरचा फुटलेला गिलावा दुरुस्त करून त्यावर सिमेंट रंगच द्यायचा, प्लास्टिक रंग नाही. जोत्याजवळ जमिनीतून चढणारी ओल आहे. तिथे आधी विटांचा थर कापून ओलरोधक थर घालण्याचे काम गवंड्यांनी सुरू केले.

६ फेब्रुवारी

भिंती कोरड्या आहेत. फवारणीपूर्वी सगळे वेल्डिंग संपवून घेतले. चौकटीचा एक कोन राहिला होता आणि वेल्डर “नंतर दोन टाके मारतो” म्हणत होता, ते मी होऊ दिले नाही. उघड्या पॉलियुरेथेनवर ठिणगी पडली तर आग पसरायला वेळ लागत नाही आणि धूर विषारी असतो. फोमवर मुलामा चढेपर्यंत आवारात विडी-सिगारेटला आणि वेल्डिंगला पूर्ण मनाई, असा फलक लावला आहे.

९ फेब्रुवारी

फवारणी सुरू. एका पिंपात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल, उत्प्रेरक, फुगवणारे द्रव्य आणि अग्निरोधक यांचे मिश्रण. दोन्ही गरम नळ्यांतून समान प्रमाणात बंदुकीपर्यंत येतात आणि तिच्या तोंडाशीच मिसळतात. हे प्रमाण ढळले की फोम बिघडतो : आयसोसायनेट वाढले तर ठिसूळ, पॉलिओल वाढले तर मऊ, चिकट आणि दीर्घकाळ वास मारणारा. फळाच्या खोलीत असा वास चालणार नाही. रोज काम सुरू करताना पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून तो कापून पाहायचा, असा नियम घातला.

सकाळी भिंत हाताला गार लागते आणि पोटमाळ्याच्या लोखंडावर दव असते. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश उबदार झाल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, त्यामुळे काम उशिरा सुरू होते. ठेकेदाराला हे आवडलेले नाही.

जाडी एका हातात भरून काढण्याचा मोहही असतो. फोम तयार होताना स्वतः उष्णता सोडतो आणि स्वतःच उष्णतारोधक असल्याने ती आतच कोंडते. एका थरात ५० मिलिमीटरपेक्षा जास्त मारला तर गाभा करपतो, तडे जातात आणि पेटण्याचाही धोका असतो. भिंतीला तीन हात, प्रत्येक हात निवल्यावर पुढचा. फवारणारे दोघे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लावून आत असतात. बाकी कोणालाही आत प्रवेश नाही, दुसऱ्या दिवशीपर्यंत नाही. आयसोसायनेटच्या वाफेने एकदा दम्याची बाधा जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो. शाळा सुटल्यावर मुले यंत्र पाहायला येतात, म्हणून दाराशी एक माणूस बसवला.

१६ फेब्रुवारी

भिंतींचे नमुने कापून तपासले. पाण्यात बुडवून घनफळ मोजले, वजन केले. घनता ४० ते ४५ च्या मर्यादेत. पूर्वेच्या खांबामागे जाडी कमी भरली होती, तिथे आणखी एक हात मारून घेतला. पोटमाळ्यावरचा फोम सुरू आहे. चौकट टांगणाऱ्या प्रत्येक सळईला छतापासून वर ३०० मिलिमीटरपर्यंत फोम गुंडाळायला सांगितले, कारण थंडी त्या सळईतून वर चढते आणि पावसाळ्यात सळईवर पाणी धरून ते ठिबकत राहील.

२४ फेब्रुवारी

भिंतींवर तारेची जाळी ठोकून २० मिलिमीटर सिमेंटचा गिलावा सुरू. रंगारी आतून ऑइलपेंट देऊ म्हणत होता, धुवायला सोपा म्हणून. थंड बाजू वाफेला मोकळी ठेवायची असल्याने चुन्याचाच हात द्यायचा. फरशीखाली फवारणीचा फोम नाही, कारण तिथे क्रेटच्या थप्प्यांचा आणि हातगाडीच्या चाकांचा भार येतो. जमिनीवर जाड प्लास्टिकचा सलग पडदा, त्यावर दाब सोसणारी एक्सपीएसची (थर्माकोलच्या जातीच्या, पण घट्ट फोमची) फळी, वर काँक्रीट. ६ अंशांच्या खोलीखालची जमीन गोठत नाही, त्यामुळे शून्याखालच्या शीतगृहात लागते तशी जमीन तापवण्याची सोय इथे नको.

फरशीची फळी आणि भिंतीचा फोम जिथे भेटतात तो सांधा मी स्वतः बसून भरून घेतला. भिंतीचा वाफरोधक, छताचा लेप आणि फरशीचा पडदा हे तिन्ही एकमेकांना सलग जोडलेले असले, तरच त्यांचा उपयोग आहे.

११ मार्च

दार बसले. आतून पंखा लावून दार, पाइप आणि छताच्या कडेने उदबत्ती फिरवली. ज्या ठिकाणी धूर हलला तिथे खडूने खूण करून सांधे पुन्हा भरले. खोली आता इतकी हवाबंद झाली आहे, की ३५ अंशांवरून ६ वर आणताना आतली हवा जवळपास नऊ टक्क्यांनी आकसेल आणि बाहेरचा दाब छताच्या बोर्डावर येईल. त्यासाठी दाबसंतुलनाची झडप बसवली आहे. तापमान एकदम न उतरवता काही दिवसांत टप्प्याटप्प्याने उतरवायचे, म्हणजे नव्या गिलाव्यातील ओलही सावकाश निघेल.

२९ मार्च

मृग बहाराचा पहिला माल आत आला. चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी तापमापक टांगले आहेत. सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड जागेत एका अंशापेक्षा कमी फरक आहे.

२० मे

दुपारी बाहेर ४५ अंश. पोटमाळ्यात त्याहून जास्त, पण जाळीच्या खिडक्यांतून हवा खेळते आहे. दुपारी तीन तास वीज गेली होती. दार बंद ठेवल्याने फळाचे तापमान हलले नाही. संत्रे बहुतेक विकले गेले. भाव हंगामापेक्षा बरा मिळाला, हे काकाजींनी सर्वांना सांगितले.

२ ऑगस्ट

खरी परीक्षा पावसाळ्याची. खोलीत सध्या हिरवी मिरची ८ अंशांवर ठेवली आहे. आज इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन बाहेरून सगळ्या भिंती, पोटमाळा आणि सळया तपासल्या. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग हवेच्या तापमानाच्या जवळ आहे, म्हणजे आतली थंडी तिथवर पोचत नाही. सळया कोरड्या आहेत. पोटमाळ्यावरील लेप सलग आहे.

फक्त एका जागी, शीतकाचे पाइप भिंतीतून आत जातात तिथे, बाहेरून ओलसर डाग दिसला आणि थर्मामीटरने तिथे २३ अंश दाखवले. आजच्या हवेचा दवबिंदू २५ आहे. पाइपभोवतीची नळी आणि भिंत यांमध्ये बोटभर जागा फोमशिवाय राहिली आहे. तेथील गिलावा फोडून, जागा पूर्ण सुकवून, बंद पेशींचा फोम भरायचा आणि बाहेरच्या तोंडाला इपॉक्सीचा लेप भिंतीच्या लेपाशी जोडून द्यायचा, असे ठेकेदाराला लेखी कळवले. या पावसात भिंत सुकणार नाही, म्हणून तोवर ती जागा ब्यूटिल रबराच्या चिकट पट्टीने बंद केली आहे.

मावसभावाचा निरोप आला. वसतिगृहाच्या भिंतींना बंद पेशींचा फोम मारून झाला; पहिल्या नमुन्याची घनता पत्रकापेक्षा कमी भरली, तेव्हा मिश्रण बदलून घेतले आणि पुढचे नमुने मर्यादेत आले. आता तो खिडक्यांच्या चौकटींभोवतीचे सांधे भरतो आहे. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात खालची कड फोमशिवाय दिसते, ती आजच भरून घे, असे त्याला कळवले.